पालकांच्या व्यवसायाचा रकाना

मित्रांनो, जरा मान वर करा. शाळेच्या कचेरीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, लाल कापडी पाठीची जाडजूड नोंदवही दिसते ना? तीच मी. या शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक लेकराचं नाव माझ्या पोटात आहे. अभिमान वाटतो हो! का वाटू नये?

बांधणाऱ्याने मला अशी घट्ट शिवली, की आजवर एक पान सुटलेलं नाही. पहिल्या वर्षी चाळीस नावं लागली, त्यांत मुली अवघ्या तीन, त्याही दुकानदारांच्या. पुढे कष्टकऱ्यांची मुलं येऊ लागली आणि पानं भराभर भरली. एके वर्षी मुली मुलांच्या पुढे गेल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी बेरीज तीनदा तपासली! माझा आकडा दरवर्षी वर जातो आणि साऱ्या देशाच्या आकड्यात मिसळतो. थेंबभर का होईना, त्यात मी आहे.

पण जुन्या कारकुनांना एक खोड होती. पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात एकदा ‘मजुरी’ लिहायचं आणि खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा ओढायच्या. देवाने हाताहाताला निराळं कसब दिलं, आणि माझ्या पानावर सगळे एकसारखे! मनाला लागायचं.

मग कारकूनबाई आल्या. चौथीच्या एका मुलीचे वडील समोर उभे होते.

“काम काय करता, दादा?”

“मजुरी लिहा की, ताई.”

“ती तर मीही करते, खुर्चीवर बसून! हात काय करतात ते सांगा.”

ते हसले. “नव्या रस्त्यावर डांबर ओततो.”

बाईंनी तसंच्या तसं लिहिलं.

आता पुढचं ऐका. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि ती मुलगी महिनाभर गैरहजर! तपासणीला आलेल्या साहेबांनी लाल पेन उघडलं. “नाव काढा. गळतीत दाखवा.” नाव गेलं की परीक्षा गेली, वर्षही गेलं. 

“एक दिवस थांबा, साहेब,” बाई म्हणाल्या.

“पत्ता तरी आहे का तिचा?”

“पत्ता नाही. पण बापाचं काम लिहिलेलं आहे.”

दुसऱ्या सकाळी देवाचं नाव घेऊन बाईंनी सायकल काढली आणि ताज्या डांबराच्या कडेकडेने निघाल्या. काळा रस्ता संपला, तिथेच वडील भेटले. मुलगी रोलरच्या सावलीत तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन धडा वाचून दाखवत होती.

“रस्ता सरकला, तसे आम्ही सरकलो, ताई,” वडील म्हणाले. “ही गेली तर धाकट्याला कोण बघणार?”

“दोघांना पाठवा. तो माझ्या टेबलाखाली झोपेल. खडीचा ट्रक रोज शाळेवरून रिकामा परततोच ना?”

ट्रकवाला म्हणाला, “बसा पुढे, राणीसरकार!”

परीक्षा संपेपर्यंत रोज ती ट्रकमधून आली. परीक्षा दिली, पास झाली. साहेबांनी माझा तो रकाना बोट ठेवून वाचला, पेनाला टोपण लावलं आणि दुसऱ्या शाळांतही असंच लिहायला सांगतो म्हणाले.

मित्रांनो, आईबाबा काय करतात असं कोणी विचारलं, तर ताठ मानेने सगळं सांगा. माझी धूळ झटकायची राहिली, तरी माझी तक्रार नाही. पण शेजारच्या बाकावरचं कुणी चार दिवस दिसलं नाही, तर धावत कचेरीत या आणि मला उघडायला लावा.