मुकादमाचं पथ्य

"अगं, मुकादम हल्ली फार पाणी पितोय. सकाळपासून तिसऱ्यांदा वाटी भरतेय मी," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"बरंय की, आई! या घरात कुणीतरी न सांगता पाणी पितंय," म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं. बाळाचा प्रत्येक ओला लंगोट वहीत टिपणारी ती. पण बारा वर्षांच्या या बोक्याच्या शी-शूच्या ट्रेमधले, रोज मोठे होत चाललेले ओल्या वाळूचे गोळे मुकाट्याने उचलून टाकत राहिली. मुकादम वाळला, ताटलीवरून तोंड फिरवू लागला, तेव्हा कुठे तिने त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं.

"मूत्रपिंडं थकलीत," रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलं ते परत येत नाही, उरलंय ते जपायचं. पथ्याचंच खाणं द्या, त्यात पाणी कालवा. फॉस्फरस चढता कामा नये."

तिने कंबर कसली. पथ्याचं खाणं कोमट करायचं, चमच्याने मोजायचं, मुकादमाची मनधरणी करायची.

"माझ्या डब्यात काय असतं, ते तरी ठाऊक आहे का तुला?" नवऱ्याने विचारलं.

"तुझा रिपोर्ट बिघडू दे, मग बघू."

बिघडला तो मुकादमाचाच. महिन्याने फॉस्फरस आणखी वर!

"दुसरं काही खातो का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! कणभरसुद्धा नाही!"

"मग त्याच्यावर दोन दिवस नुसती नजर ठेवा. हे असंच चढत राहिलं, तर उरलेलंही हातचं जाईल."

दुपारी ती दाराआड उभी राहिली. बाळ उंच खुर्चीत, मुकादम खुर्चीखाली. बाळाने चीजचा एक तुकडा तोंडात घातला, दुसरा खाली सोडला. मग अंड्याचा बलक. आणि वाकून, अगदी तिच्याच सुरात, "आँऽऽ!"

तिला हसू आवरेना, रडूही.

"सापडला गं बाई अन्नदाता!" सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाळाच्या जेवणाच्या वेळी मुकादमाची रवानगी आतल्या खोलीत. दार ओरबाडून तो घर डोक्यावर घेई. पण पुढच्या तपासणीत फॉस्फरस उतरला, वजन शंभर ग्रॅमने वाढलं. "असंच जपलंत, तर अजून बरेच दिवस रुबाब करेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिचं तुम्हाला एकच सांगणं आहे: घरात म्हातारं मांजर असेल, तर हे वाचून झाल्यावर त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवा. मणके पूर्वीपेक्षा जास्त हाताला लागतायत का, बघाल ना?