सत्यभामाबाईंकडून आलेली मी

मी एक जुनी तंतुकणिका आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझं चित्र असतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं. श्वासातला प्राणवायू घ्यायचा आणि अन्नातून ताकद काढायची, हे माझं पेशीतलं काम. मित्रांनो, मी फक्त आईकडून मिळते. मुलगा मला जन्मभर बाळगतो, पण पुढे देते ती मुलगीच. अशी लेकीलेकींतून चालत मी मारेगावच्या सत्यभामाबाईंपर्यंत आले आणि त्यांच्यातून त्यांच्या लेकीत, दीपात.

शेवटचा साधा दिवस मला आठवतो. बोंडअळीनं कापूस खाल्लेली ती वर्षं. मे महिन्यात शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरल्या होत्या, कापसाची वाळकी झाडं. त्यांचा भारा डोक्यावर घेऊन सत्यभामाबाई भर दुपारी घरी आल्या. मी आत जीव तोडून राबत होते. बाईंना साधी धापही लागली नाही.

"आई, उद्या विमानात बसायचं अन् आज भारा?" दीपा रागावली.

"विमानात तं बसूनच राहायचं आहे वं माय. मंग आजच काम करून घेतो!"

त्या लेहचे बौद्ध विहार पाहायला निघाल्या होत्या. सहल राजदीपची. हा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. जिल्ह्यातल्या बौद्ध कुटुंबांना यात्रेला नेई. आधीच्या गटासोबत तो आठ दिवसांपासून लेहलाच होता. "मावशी पोचली का दोन दिवस नुसता आराम," असं त्यानं दीपाला फोनवर कबूल केलं होतं.

तिथली हवा विरळ. तिथल्या माणसांच्या कितीतरी पिढ्या उंचीवर गेल्या, त्यांची शरीरं तिला सरावली. त्यात माझ्या तिकडच्या बहिणींचाही वाटा असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. मी सपाटीची. पण थोडे दिवस मिळाले असते तर श्वास वाढला असता, रक्त सावरलं असतं, मीही जमवून घेतलं असतं.

राजदीपनं ते दिवस गाळले. त्याला पुढचा गट घ्यायचा होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं गाडी आणखी उंचावरच्या तळ्याकडे नेली. मुक्कामही तिथेच.

"राजू, डोकं फुटून राह्यलं रे," बाई म्हणाल्या. मग ओकारी झाली.

"ऊन लागलं तुले, मावशी. इथलं ऊन लय कडक."

सगळी यवतमाळची माणसं. डोकं दुखून ओकारी झाली म्हणजे ऊनच, याबद्दल कोणाला शंका आली नाही. कुणी कांदा ठेचून तळपायांना चोळला, कुणी कपाळावर ओलं फडकं ठेवलं. त्यांना सावलीत निजवलं. खरं तर त्यांना तातडीनं खाली उतरवायला हवं होतं. मी प्राणवायू मागत राहिले. पहाटे मागणंही संपलं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे बाईंच्या स्मरणविधीला, घर माणसांनी भरलं. राजदीप उभा राहून म्हणाला, "मावशीचं रक्तच कमजोर निघालं. लडाखच्या लोकायची घडण वेगळी. त्याले आपण काय करणार?"

माणसांनी माना डोलावल्या. शेजारचे फुलचंदकाका दीपाच्या लेकीकडे, अर्पिताकडे पाहत म्हणाले, "मंग या पोरीलेही जपा वं. आजीचंच रक्त आहे."

मित्रांनो, जन्मभर राबून दोष माझ्या माथी आला. आणि तो दिला कोणी? ज्याच्या अंगात मीच आहे, त्यानं. उंच जागी जाताना मला वेळ द्या. डोकं दुखू लागलं तर आणखी चढू नका, खाली या. माझं मागणं एवढंच. याहून जास्त मला बोलता येत नाही. बाकीचं दीपा बोलली.

आजवर तिनं राजदीपला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. ती उठली. आवाज चढवला नाही.

"दादा, तुही माय अन् माही माय सख्ख्या बहिणी. तिच्यात जे होतं, तेच तुह्यात आहे. तू आठ दिवस आधीपासून तिथं होता, म्हणून तुले काही झालं नाही. माही आई कमजोर नव्हती. तिले दोन दिवस पायजे होते. कबूल करून तू ते दिले नाही."