जिचं नाव, तिचं अक्षर

इतवारीच्या बाजारात आनंदरावच्या भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर मी एकतीस वर्षांपासून बसतो अन् भांड्यायवर नावं टाकतो. गंज-पातेलं आणा, डबा आणा, घागर आणा, काहीही आणा. माझी मशीन पेनाएवढी आहे. टर्र करते अन् स्टीलवर अक्षर उमटते. उमटलं की उमटलं, मग ब्रह्मदेव आला तरी पुसल्या जात नाही.

म्हणून माझा एक कायदा आहे. ज्याचं नाव टाकायचं, त्यानं चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहावी. काका, मामा, शेजारी कोणी चालत नाही. लोक चिडतात. चिडू द्या. एकदा एका नवरीच्या मामानं चिठ्ठी लिहून आणली होती, लग्नाचा अख्खा सेट होता. मी आपलं लिहिलं ते टाकलं. मांडवात पाहतात तं नवरीच्या जागी तिच्या मोठ्या बहिणीचं नाव, जिचं लग्न त्याच घरी ठरून मोडलं होतं! मामा जेवून निघून गेला. शिव्या मी खाल्ल्या. तेव्हापासून जिचं नाव, तिचं अक्षर. पटत असल तं थांबा, नाही तं पुढच्या गल्लीत जा.

हा कायदा मी एकदाच मोडला. त्या दिवशीचं सांगतो.

जुलै महिना होता. सकाळी अकरा वाजता एक गृहस्थ आले. उंच, टापटीप, खिशाले दोन पेन. मनोहरराव भोयर म्हणून. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमध्ये स्टोअरले होते, नुकतेच रिटायर झालेले. पोरीचा इंजिनिअरिंगले नंबर लागला होता. उशिराची अन् एकुलती एक पोरगी. कॉलनीत रविवारी जेवण ठेवलं होतं अन् येणाऱ्या प्रत्येक घराले एक डबा द्यायचा होता. एकशे एक डबे. त्यायनं चिठ्ठी पुढं केली. अक्षर मोत्यासारखं, पण बापाचं.

'कु. वैभवी मनोहरराव भोयर, नवशिखर युनिव्हर्सिटी. प्रवेशाप्रीत्यर्थ सप्रेम भेट.'

"पोरगी कुठं आहे?" मी विचारलं.

"गांधीबागेत. आईसंगं कपडे घेऊन राहिली."

"मग तिले बोलवा. तिनं लिहून दिलं की टाकतो."

"अहो, मी बाप आहे तिचा!"

"मामाही मामाच होता," मी म्हटलं. त्यायले काय कळणार? पण गल्ल्यावरून आनंदराव ओरडला, "लहानू, एकशे एक डब्यायचं गिऱ्हाईक वापस पाठवते काय बे? टाक मुकाट्यानं!" पायरी त्याची आहे. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो अन् पहिला डबा मांडीवर घेतला.

गिऱ्हाईक समोर बसलं की बोलते. मी ऐकत नाही, पण कान तं बंद करता येत नाहीत. मनोहरराव नवशिखरबद्दल सांगत होते. काचेची बिल्डिंग, लिफ्ट, गेटवर सॅल्यूट मारणारा गार्ड. अन् मशीनचा हॉल! चार-चार कॉम्प्युटरवाल्या मशिनी, नुसत्या लखलख करून राहिल्या. पोरगी मेकॅनिकल घेणार होती.

"सरकारी कॉलेजातही लागला तिचा नंबर," ते म्हणाले. "पहिल्याच राउंडमध्ये. आज पाच वाजेपर्यंत हो म्हणायचं, नाही तं सीट जाते. जाऊ द्या म्हटलं. नवशिखरले आपण टोकन भरून टाकलं."

"लोक तं सरकारीसाठी मरतात," मी म्हटलं. मले काय घेणं-देणं होतं? पण तोंडातून निघालं.

त्यायनं उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा अन् दोन बोटं. बाकीची दोन मुळापासून नव्हती.

"हे सरकारी शिक्षण, लहानूभाऊ. तालुक्याले आयटीआय केलं मी. दोन वर्षं मास्तरनं लेथ मशीन फळ्यावर खडूनं काढून दाखवली. खरी मशीन कुलपात होती, बिघडलेली. सर्टिफिकेट भेटलं. पहिल्या नोकरीत, एका वर्कशॉपात, पहिल्यांदा खऱ्या मशीनसमोर उभा राहिलो. सदरा ढिला होता. बाही घेतली तिनं. चौथा दिवस होता कामाचा." त्यायनं हात मांडीवर ठेवून दिला. "मग पॉवर स्टेशनले लागलो, पण स्टोअरमध्ये. चौतीस वर्षं मशीनचे पार्ट दिले लोकायले. मशीन नाही चालवली. माझी पोरगी खडूच्या मशीनवर नाही शिकणार. विषय संपला."

मी खाली मान घालून टर्र टर्र करत राहिलो. पहिल्यांदा मले तो माणूस फुशारकी मारणारा वाटला होता. तसा नव्हता. घाबरलेला होता.

अकरा डबे झाले अन् माझा हात थांबला. मशीन गरम झाली नव्हती, मीच गरम झालो होतो. त्या पोरीचं नाव मी अकरा वेळा टाकलं होतं अन् पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं. नवरीचा मामा डोळ्यासमोर आला.

"बस," मी म्हटलं. "पोरीले बोलवा. बारावा डबा तिच्या अक्षरात."

"आता काहून? अर्धे तं—"

"अकरा म्हणजे अर्धे नाहीत. बोलवा."

आनंदरावनं वरून मले काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण मनोहररावनं फोन लावला. गांधीबाग तं बाजूलेच. दहा मिनिटांत पोरगी आली. सावळी, चष्मेवाली, हातात कापडाची पिशवी. आई दुकानात फॉल-पिको करायले थांबली म्हणे. तिनं पहिले डबे पाहिले. एक उचलला, झाकण उन्हात धरलं, वाचलं. खाली ठेवताना इतका हळू ठेवला की आवाज नाही झाला.

मी कागद अन् पेन तिच्यासमोर सरकवलं. "बाई, तुहं नाव, कॉलेज, सगळं लिहून दे. माझ्या इथं असंच असते."

"मी लिहीन तेच टाकाल, काका?"

"तेच."

"बाबा नाही म्हटले तं?"

"तं टाकत नाही. डबे कोरे घेऊन जा."

मनोहरराव हसले. "लिही वं, उशीर होऊन राहिला."

तिनं पायरीवर कागद ठेवला अन् वाकून लिहिलं. नाव लिहिलं. मेकॅनिकल लिहिलं. मग थांबली. रस्त्यानं हातगाडी गेली, मागं टेम्पो हॉर्न मारत होता, ती तशीच वाकलेली. मग एका दमात उरलेलं लिहून तिनं कागद माझ्या हातात दिला. बापाच्या नाही, माझ्या.

मी वाचलं. कॉलेज सरकारी लिहिलं होतं.

आता मले सांगा, मी काय करायचं होतं? मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

मनोहररावचं हसू गेलं. "हे काय लिहिलं वं तू?"

"जिथं जायचं ते."

"पैशाचं पाहून राहिली का? पैशाचं माझं मी पाहीन. तुले सांगतलं होतं ना!"

"पैशाचं नाही, बाबा."

"मग काहून? मशिनी पाह्यल्या ना तिथल्या? तुह्या डोळ्यांनी पाह्यल्या!"

"पाह्यल्या. सगळ्यायवर प्लास्टिक होतं."

"नवीन आहेत म्हणून!"

"नवीन नाहीत. बाजूले कंपनीची प्लेट होती, मी वाचली. तीन वर्षांपहिलेच्या आहेत. तीन वर्षांत प्लास्टिक निघालं नाही, बाबा. एका मशीनची तं वायरसुद्धा गुंडाळून, रबर लावून ठेवली होती. कोणी चालू केलीच नाही."

मनोहररावनं त्या अकरा डब्यायकडे पाहिलं.

"काल मी प्रियाच्या घरी जाते म्हणून सांगतलं," ती म्हणाली. "खोटं सांगतलं. मी सरकारीत गेली होती. वॉचमन सोडत नव्हता, तं थर्ड इयरच्या एका पोरीनं आत नेलं. बिल्डिंग जुनी आहे. बाथरूम घाण आहे, तेही सांगते. लेथ मशिनी तुमच्या वयाच्या असतील. पण चालू होत्या. पोट्टे-पोट्ट्या काम करून राहिले होते. सगळ्यायचे हात काळे. त्या पोरीनं मले हँडल धरू दिलं."

"तू हात लावला?" बाप उठून उभा राहिला. "चालू मशीनले?"

"सर बाजूले उभे होते. पहिले केस बांधायले लावले, बाह्या वर करायले लावल्या. तरी ओढणी लागलीच थोडी." तिनं ओढणीचं टोक पुढं केलं. आंब्याच्या रंगाची ओढणी, टोकाले काळपट तेलाचा डाग. "रात्री साबण लावून धुतली. गेला नाही."

मनोहररावनं ते टोक उरलेल्या दोन बोटांत अन् अंगठ्यात धरलं. नाकाजवळ नेलं. वास घेतला! भर इतवारीत, लोक येऊन-जाऊन राहिले अन् हा माणूस पोरीच्या ओढणीचा वास घेऊन राहिला. मी दुसरीकडे पाहिलं.

मग ते पायरीवर बसले.

"चौतीस वर्षं स्टोअरमध्ये होतो मी," ते म्हणाले. मले की स्वतःले, कोण जाणे. "न उघडलेला माल मले दुरून कळते. रॅकवर सहा महिने पडला की वर्ष, धूळ पाहून सांगत होतो. अन् तिथं मी काय म्हटलं? वा, म्हटलं, किती जपून ठेवतात!" ते मान हलवत राहिले. "मले मास्तरची मशीन आठवायले पाहिजे होती. कुलपातली काय अन् प्लास्टिकमधली काय."

मले वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी एरवी गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत पडत नाही. पण या माणसानं जन्मभर एकच गोष्ट पोरीपासून दूर ठेवायची ठरवली अन् हौसेनं तिचंच टोकन भरून आला.

"बाथरूम खरंच घाण आहे?" त्यायनं विचारलं.

"बम घाण आहे."

"तुही माय बोंबलेल."

"बोंबलू द्या."

त्यायनं खिशातून फोन काढला. "किती वाजले?"

"पावणेदोन. पाचपर्यंत वेळ आहे. ओटीपी तुमच्या नंबरवर येते, बाबा. म्हणून तं अडकली होती."

ती आपल्या फोनवर काय काय दाबत गेली. बापाच्या फोनची घंटी वाजली. मनोहररावनं चष्मा लावला अन् एक एक आकडा वाचून सांगतला, सावकाश, स्टोअरमधून पार्ट नंबर वाचून द्यावा तसा. शेवटचा आकडा दोनदा सांगतला. पोरीनं दाबलं. "झालं," ती म्हणाली अन् लगेच चष्मा काढून डोळे पुसायले लागली. बापानं तिची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

राहिले माझे अकरा डबे. मी म्हटलं, "हे माझ्या अंगावर. कायदा मी मोडला." आनंदराव गल्ल्यावरून म्हणाला, "तुह्याच अंगावर आहेत, दुसऱ्या कोणाच्या!" मनोहरराव नाही म्हणत होते, अकराही मीच नेतो म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. बाकीचे नव्वद तिच्या अक्षरात टाकीन अन् अकरा नवे घेईन, शनिवारी घेऊन जा म्हटलं.

पोरगी माझ्या मशीनकडे पाहून राहिली होती. "काका, ही आत फिरते की ठोकते?"

"ठोकते," मी म्हटलं. "सेकंदाले पन्नास-शंभर वेळा."

"मी एकदा धरू?"

एकतीस वर्षांत मी ती मशीन कोणाच्या हाती दिली नाही. आनंदरावच्या पोराले नाही, माझ्या सख्ख्या भावाले नाही. हात फिसकला तं डबाही जाते अन् बोटही. मी तोंड उघडलं ते नाही म्हणायलेच.

पण वाया गेलेला एक डबा मी पालथा करून तिच्या मांडीवर ठेवला अन् मशीन तिच्या हातात दिली. बटन दाबलं. टर्र झालं.

मनोहररावचा हात सर्रकन पुढं आला, तोच हात, तीन बोटांचा. मधातच थांबला. मी पाहून राहिलो होतो, आता हा मशीन हिसकते. हात तसाच हवेत राहिला, मग त्यायनं तो मागं घेतला अन् दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला.

"ओढणी मागं बांध पहिले," ते म्हणाले.

तिनं मशीन खाली ठेवली, ओढणी पाठीमागं नेऊन गच्च गाठ मारली अन् मशीन पुन्हा उचलली.