कुंपण नको

यादीतली पहिली हजार नावं दुरुस्त झाली तेव्हा रत्नप्रभा मोहोडची डावी करंगळी गेली. तिनं रक्त ओढणीला पुसलं आणि स्क्रीनकडे पाहिलं. अजून एकोणचाळीस हजार नावं बाकी होती.

चूक तिचीच. सी या संगणकभाषेत लिहिलेलं तिचं फंक्शन, नावं दुरुस्त करणारा छोटा प्रोग्रॅम, डेटाबेसच्या पोटात शिरून काम करायचं. दर नावाला थोडी मेमरी मागायची, काम झालं की परत द्यायची. परत द्यायची ओळच ती विसरली. डेटाबेसमधली जागा संपली, तसा तो तिच्या अंगातली घेऊ लागला.

शहाणे लोक असलं फंक्शन कुंपणाआड, डेटाबेसच्या बाहेर वेगळं चालवतात. तिथं मेलं तर एकटं मरतं. पण कुंपणाआड काम रेंगाळतं अन् कुकडे साहेबांना घाई. फंक्शनच्या नोंदणीत तिनं लिहून टाकलं होतं: कुंपण नको, भरवशाचं आहे.

"साहेब, थांबवा हे. एक ओळ टाकते अन् पुन्हा चढवते."

कुकडे डबा खात होते. "मधातच थांबवलं तर सगळं पहिल्यापासून, मॅडम. किती बोटं गेली?"

"सात."

"तीन हायेत न मग. मी तर दोन बोटांवर रिटायर होऊन राहिलो."

आणखी दोन गेली. मग कान. मग गुडघ्याखालचा पाय, खाटकानं तोडावा तसा, एका घावात. ती खुर्चीवरून पडली. साहेबांनी कीबोर्ड खाली सरकवून दिला.

तिथं, फरशीवर, तिला आपली दुसरी चूक आठवली. नावाचा रकाना रिकामा आला तर काय करायचं, हे तिनं फंक्शनला सांगितलंच नव्हतं. रिकामं नाव गिळलं की ते जागच्या जागी मरणार, आणि कुंपण नसल्यानं डेटाबेसला घेऊन मरणार.

यादीत रिकामं नाव एकही नव्हतं. तिचं स्वतःचं नाव मात्र त्यात होतं, एकोणचाळीस हजार दोनशे चार नंबरला.

उरलेल्या अंगठ्यानं ती ते पुसू लागली.

"काय करून राहिल्या?"

"दुरुस्ती."

एकोणचाळीस हजार दोनशे एक. शेवटचं अक्षर गेलं, रकाना पांढरा झाला. एकोणचाळीस हजार दोनशे दोन. मग त्या पांढऱ्यावर आपोआप उमटलं: र.

तिनं पुसलं. पुन्हा आलं: रत्न.

टाइप करण्याचा तो वेग तिच्या ओळखीचा होता. आत तिची नऊ बोटं होती, आणि तिच्याकडे एक अंगठा.

एकोणचाळीस हजार दोनशे तीन.