वाजवताना आत येऊ नये

"वाजवायचंय आता. तू बाहेर थांब," कानवाले म्हणाले आणि त्यांनी पाववाल्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

पाववाल्याला त्याचं काही वाटलं नाही. कानवाल्यांच्या घरचा रिवाजच होता तो. मोटरसायकलचं झिजलेलं चाक घेऊन जा, बाकावर बसा, तासभर गप्पा छाटा. कानवाले तुमच्यासमोर जुन्या तारा कापणार, हब घासून गंज उतरवणार, छत्तीस नव्या तारा ओवून चाक बांधणार, खडू धरून रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणार. सगळं तुमच्या देखत. पण शेवटी तारा वाजवून बघायची वेळ आली की दार बंद. दारावर खडूनं लिहूनच ठेवलं होतं, 'वाजवताना आत येऊ नये'. अक्षर पुसट झालं की पुन्हा गिरवायचं.

"आत कुणाला लपवलंय काका?" पाववाला बाहेरून ओरडला. हा विनोद तो दहा वर्षं करत होता. रोज गल्लोगल्ली ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की दाराचं त्याला काय! तिथूनच तो बातम्या देत राहिला. मीटर वाचणारा तो शांत माणूस पुलाच्या वळणावर पडला म्हणे. गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टर म्हणतात, पाय आता वाकायचा नाही.

"वेगात असेल," कानवाले आतून म्हणाले.

मीटरवाल्याचं चाक भिंतीला टेकून उभं होतं. त्याचा भाऊ कालच टाकून गेला होता. रिम पार बसलेली. कानवाल्यांनी त्याच्याकडे अजून नीट बघितलं नव्हतं. सवड नव्हती, असं ते म्हणत होते.

त्यांनी पाववाल्याचं चाक स्टँडवर चढवलं, पाना घेतला आणि पहिल्या तारेवर हळूच मारला. मारला तारेवर, पण बघितलं खाटेकडे.

खाटेवर त्यांची बायको पडून होती. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. बोट हललं नाही. म्हणजे तार ठीक. दुसरी तार. तिसरी. सहाव्या तारेला चादरीवरचं बोट वर झालं. कानवाल्यांनी पाव फेरा आवळला. पुन्हा वाजवली. बोट खाली.

आता गोष्ट अशी, की कानवाल्यांना तारेचा आवाज ऐकूच यायचा नाही. माणसाचं बोलणं यायचं, ट्रकचा भोंगा यायचा, पण बारीक आवाज त्यांच्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वीच संपले होते. तरुणपणी ते पत्रे ठोकायच्या कारखान्यात होते. तिथल्या घणानं कान खाल्ले, मग कारखानाही बंद पडला. पोटासाठी घरातच चाकं बांधायला घेतली. हात सोन्याचा. डोळ्यानं आउट असा काढायचे की फिरतं चाक थांबलंय असं वाटावं. पण चाक सरळ फिरलं म्हणून झालं, असं नसतं. एखादी तार आत सैल असते. डोळ्याला दिसत नाही. ती हबच्या भोकात घासत राहते, एक दिवस तुटते, मग शेजारची तुटते. ते कळतं फक्त आवाजावरून. घट्ट तार टिणकन बोलते. सैल तार बद्द वाजते.

पहिल्याच आठवड्यात बायको चुलीपाशी पीठ मळत होती. हे तारा वाजवत होते, नुसतंच, ऐकू येत असल्यासारखं. ती तिथूनच म्हणाली, "अहो, ती मघाची रडतेय."

"कुठली?"

"आत्ता वाजवलीत त्याच्या अलीकडची. बघा तर."

बघितली. सैल. तेव्हापासून पंचवीस वर्षं ती आतून ऐकायची आणि हे आवळायचे. तिनं पान्याला हात लावला नाही. गावभर नाव मात्र यांचं झालं. अमक्याचा कान म्हणजे कान! त्यावरून कानवालेच म्हणायला लागले लोक. ती हसायची. "कान माझे आणि नाव तुमचं."

"मग लाव तुझ्या नावाची पाटी," हे म्हणायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

एकदाच तो संपला नाही. मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजचा मालक घरी आला होता. चहा घेता घेता त्यानं कानवाल्यांच्या कानाची अशी तारीफ केली, की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. ती कप उचलायला आली आणि उभी राहिली. थोडा वेळ. काही मागायला नाही, नुसती उभी. कानवाले म्हणाले, "अगं, अजून थोडा चहा टाक." तिनं कप उचलले. एरवी तिच्या हातून भांडी वाजायची. त्या दिवशी एकही कप वाजला नाही.

झटक्यानंतर कानवाल्यांनी मुद्दाम एक तार सैल करून बघितली होती. तिनं बरोबर त्याच तारेला बोट उचललं. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा बरोबर. त्या दिवशी कानवाले रडले, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तेवढंच. चाकं चालू राहिली. मग मधे एकदा तिनं दोन दिवस डोळेच उघडले नाहीत. उघडले तेव्हा नजर जरा वेगळी होती. त्यानंतर कानवाल्यांनी परीक्षा घेतली नाही. आज करू, उद्या करू. खरं तर भीती वाटत होती.

पाववाल्याच्या चाकाच्या एकविसाव्या तारेला बोट अर्धवट हललं आणि थांबलं. पुन्हा वाजवली. ती बघतच होती. ठीक आहे, असं धरून ते पुढे गेले.

पाववाला चाक बसवून गेला. जाताना म्हणाला, "काका, तुम्ही आहात तोवर मी डोळे मिटून गाडी मारतो."

"डोळे उघडे ठेव मेल्या," कानवाले म्हणाले.

दुपारी लेक आली. ती जवळच राहायची, रोज येऊन आईचं अंग पुसायची, भरवायची. ती पेज भरवत होती आणि कानवाले फडक्यानं स्टँड पुसत होते. पुसता पुसता त्यांची नजर खाटेकडे गेली. बोट वर झालं.

"आईला काय हवंय?" लेकीनं विचारलं.

"काही नाही, तार जरा..." म्हणता म्हणता ते थांबले. स्टँडवर चाक नव्हतं.

लेक म्हणाली, "ती असं हल्ली सारखं करते. तुम्ही तिच्याकडे जरा वेळ बघत राहिलात की बोट उचलते. मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी आहे."

कानवाल्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग ते खाटेच्या मागं गेले, जिथून ती त्यांना बघू शकणार नव्हती, आणि पाना स्टँडच्या लोखंडावर जोरात मारला. लेक दचकली. आईची पापणी हलली नाही. आणखी दोनदा मारला. ती समोर भिंतीकडे बघत होती. कानवाले पुढं आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि बघितलं. बोट वर झालं.

लेकीला लहानपणापासून सगळं ठाऊक होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, आईनं ते दोन दिवस डोळे मिटले, त्यानंतर किती चाकं गेली?"

"सात."

त्यांनी भिंतीकडचं चाक ओढलं आणि उजेडात धरलं. हबपाशी दोन तारा तुटल्या होत्या. पडून तुटलेली तार टोकाला खरबरीत असते. या दोन्हींचं टोक घासून गुळगुळीत झालं होतं, आणि त्यांची भोकं लांबट झाली होती. महिनाभर तरी सैल फिरली असणार. दोष वेगाचा नव्हता. रस्त्याचा नव्हता. कानवाले चाक मांडीवर घेऊन तसेच बसले. लेकीनं आईचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाववाला चारला पावाच्या भट्टीवर असतो. जा तुम्ही."

भट्टीपाशी पाच-सहा जण गाड्यांवर क्रेट बांधत होते. पाववाला किक मारायच्या बेतात होता. कानवाल्यांनी मागचा कॅरिअर धरला आणि म्हणाले, चाक काढ. तो हसायला लागला. सकाळी तर वाजवून दिलंत म्हणाला. बाकीचेही हसले. एक जण म्हणाला, काकांना जास्तीचा पाव हवा असेल.

"मी वाजवलं," कानवाले म्हणाले. "पण ऐकलं नाही. मला तारा ऐकू येत नाहीत. कधीच येत नव्हत्या. कान माझ्या बायकोचा होता. पंचवीस वर्षं ती दाराआडून सांगायची आणि मी आवळायचो. आता तिलाही ऐकू येत नाही, आणि ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. मीटरवाल्याचं चाक माझ्याच हातचं होतं."

कुणी हसलं नाही. पाववाला खाली उतरला. उकिडवा बसला आणि खिशातली किल्ली काढून त्यानं एकेक तार वाजवायला घेतली. कानवाले तारांकडे बघत नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते. कितीतरी तारांवरून तो सहज गेला. मग एका तारेपाशी हात थांबला. त्यानं ती पुन्हा वाजवली आणि मान वर केली. ऐकू नाही आलं तरी कानवाल्यांना कळलं.

"हे तर मलाही समजतंय हो, काका," तो म्हणाला. क्रेट सोडून त्यानं दुसऱ्याच्या गाडीवर चढवले.

बाकी पाच चाकांचे मालक त्यातल्याच दोघांच्या ओळखीचे निघाले. आम्ही सांगतो, म्हणाले. मीटरवाल्याकडे मात्र कानवाले स्वतः गेले. तो दवाखान्यात पाय टांगून छताकडे बघत पडला होता. त्याची बायको उशाशी बसली होती. कानवाल्यांनी सगळं सांगितलं, उभ्यानंच. मीटरवाला छताकडेच बघत राहिला. त्याच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"किती वर्षं?"

"पंचवीस."

"आणि बायकोच्या कानाचं कधीपासून माहीत होतं?"

कानवाल्यांची नजर टांगलेल्या पायाकडे गेली. तिनं नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती. "या आता," ती म्हणाली.

घरी आले तेव्हा लेक निघायच्या तयारीत होती. जाताना सवयीनं दार ओढून घ्यायला लागली, तर ते म्हणाले, राहू दे उघडं. ओल्या फडक्यानं त्यांनी दारावरची खडूची अक्षरं पुसली. इतक्या वर्षांची गिरवलेली, ती पूर्ण जाईनात. फडकं तिथंच टाकून ते खाटेपाशी स्टुलावर बसले. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "सांगितलं मी आज. भट्टीवर, सगळ्यांसमोर. कान तुझा होता म्हणून."

ती त्यांच्याकडे बघत होती. चादरीवरचं बोट वर झालं.

"हो," कानवाले म्हणाले. "सैल आहे अजून. एवढ्यानं भागायचं नाही."

ते उठले. पाना घेतला. रिकाम्या स्टँडपाशी जाऊन, जिथं तार असायची तिथं, हवेत पाव फेरा दिला, नेहमी देतात तितकाच. मग मागं वळून बघितलं.

बोट अजून वरच होतं.

त्यांनी आणखी पाव फेरा दिला. रस्त्यानं जाणारा एक जण उघड्या दारापाशी थांबला, आत जरा वेळ बघितलं, आणि पुढं गेला.