पाचवा हरिबा

वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठावर एक धनगरवस्ती आहे. तिच्यात आजवर मोठी माणसं तीन झाली आणि तिघांचंही नाव हरिबा. चौथा हरिबा अजून जिवंत आहे. तो मोठा झाला नाही, नुसता म्हातारा झाला.

पहिल्या हरिबानं एडक्याचं शिंग धरून भर पुरातून मेंढरं पार केली. मेंढरं किती, ते सांगणाऱ्यावर आहे. यात्रेच्या पत्रिकेत तर कळप दर साली वाढतो. दुसरा पैलवान. केंदूरच्या आखाड्यात त्यानं कुणाला पाडलं ते कुणाला आठवत नाही, काय काय खाल्लं ते मात्र सगळ्यांना पाठ. तिसऱ्यानं मेंढरं विकून जमीन घेतली आणि फिरती वस्ती एका जागी बसवली. हिशेबाला धरावा असा खरा हाच. पण जमीन घेताना कुणी ढोल वाजवत नाही, म्हणून कौतुकात त्याचा वाटा सगळ्यात कमी.

चौथा, म्हणजे आपला, कंपनीच्या गेटवर उभा राहून रिटायर झाला. सगळं उभं राहणं गुडघ्यात साठून राहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण चैत्रातल्या यात्रेला एडका नदीपार न्यायचा आणि त्याचं शिंग धरायला हरिबाच पाहिजे, अशी वस्तीची रीत. दुसरी रीत अशी, की आज्याचं नाव नातवाला जातं, पण आजा गेल्यावर. जित्या माणसाचं नाव पाळण्यात घालत नाहीत. त्यामुळं वस्तीत एका वेळी हरिबा एकच. तरणा होता तोवर त्याला याचा तोरा वाटायचा. आता सत्तरीला टेकल्यावर ध्यानात आलं होतं, की या नोकरीतून रिटायर व्हायची वाट एकच आहे आणि ती सरणावरून जाते. नातू होता, पोहायला पटाईत. पण त्याचं नाव स्वराज.

गेल्या साली बंधाऱ्याचं पाणी तुंबलेलं, वर जलपर्णीचा गालिचा. मध्यावर हरिबाचा पाय सटकला, नाकातोंडात पाणी गेलं आणि शेवटी एडक्यानंच त्याला ओढत काठाला लावलं. पोरांनी व्हिडिओ काढला. पार राहू गावापर्यंत लोकांनी तो बघितला. यंदा तर गुडघा असा सुजला होता, की पायजमा वर चढेना. यंदा पाण्यात उतरलो तर वर येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, म्हाळसालाही ठाऊक होतं.

यात्रेच्या सकाळी सगळी भावकी काठावर जमली. केंदूरहून भाड्यानं आणलेला एडका भंडारा लावून उभा होता. वस्तीत आता ऊस आहे, मेंढरू नाही. पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी उन्हात घाम पुसत होते.

"उतरा आबा," भिमाजी म्हणाला. हा यात्रा कमिटीचा मुख्य. स्वतःला पोहता येत नसल्यानं रीतीच्या बाबतीत फार कडक.

"गुडघा बघ जरा."

"बघितला की. पाण्यात माणूस हलका व्हतो."

"व्हईन की हलका. संध्याकाळपर्यंत तरंगंन बी."

माणसं हसली. हरिबा हसला नाही. त्यानं वहाणा काढल्या आणि त्यांच्याकडंच बघत बसला.

"स्वराजला उतरवू," सून स्वप्नाली म्हणाली.

"त्याचं नाव काय?" भिमाजीनं विचारलं.

"मग आबांचं नाव त्याला घेऊ. गॅझेटला बदलून मिळतंय."

"आन् आज्याला जितेपणी बिननावाचा करायचा? नाव हाय का गाडीचा नंबर?"

म्हाळसा पदर खोचून उठली. "मी म्हन्ते, नाव एडक्यालाच ठेवा."

"कुणाचं?"

"ह्यांचं." लग्नानंतर तिनं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आजही काढलं नाही.

"वयनी, जित्या माणसाचं नाव..."

"पाळण्यात घालत न्हाईत. व्हय. एडका काय पाळण्यात निजतो?"

पुढाऱ्यांनी घड्याळ बघितलं. गेल्या साली कुणी कुणाला पार नेलं, याची बेरीज बऱ्याच जणांनी मनात केली.

"आन् शिंग कुणी धरायचं?" भिमाजीनं विचारलं.

"त्याच्याच डोक्यावर हाय की. धरायचं काय त्यात?"

"कानात नाव सांगाया आत्या लागती," भिमाजीनं शेवटची अडकाठी घातली.

"मी काय मेले का?" हरिबाची बहीण कुशाबाई सकाळीच राहूहून यात्रेला आली होती. तिनं सरळ जाऊन एडक्याच्या कानाला तोंड लावलं, 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. बारशातल्यासारखे बायांनी तिच्या पाठीत धपके घातले. एडक्यानं कान झाडला आणि हलगी कडाडताच पाण्यात उडी घेतली.

हरिबा बाभळीखाली बसला. पाय कोरडे होते. इतक्या वर्षांत यात्रेच्या दिवशी ते कधी कोरडे राहिले नव्हते. एडका पलीकडं, दौंडच्या काठाला लागला तशी माणसं ओरडली, "हरिबा पोचला! हरिबा पोचला!" सवयीनं तो उठायला गेला. त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं. तो पुन्हा बसला.

होडीतून एडका परत आला तेव्हा नवाच पेच उभा राहिला. केंदूरवाला त्याला न्यायला टेम्पो घेऊन उभा. भिमाजी आडवा झाला: वस्तीचं नाव केंदूरला जाणार नाही. मग कमिटीनं एडका विकत घेतला. आता बांधायचा कुठं?

"ज्या घरचं नाव, त्या घरी," भिमाजी म्हणाला. "आबा, तुमी तसंबी रिकामंच असता."

उन्हं कलताना एडका हरिबाच्या अंगणात, हरिबा बसला होता त्याच बाजेला बांधलेला होता. त्याला चारायचं कुणी, हे विचारायचंही त्राण हरिबात नव्हतं.

म्हाळसा पाटीत कडबा घेऊन बाहेर आली. एडका पाठमोरा बसलेला. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि अडखळली. ते नाव तिला घेता येत नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "या की इकडं."

दोघांनी माना वळवल्या. एडका उठला. ते बघून हरिबा बसूनच राहिला.