पेटीचं दुसरं टोक

मामाला कामावर परत घेतलं. सगळं नीट झालं.

हे वाचलं असेल तर कृपया विसरून जा, मीही विसरतो. अजून काहीही झालेलं नाही. मामा घरी सोफ्यावर आडवा आहे, मामी त्याच्या पायांभोवती झाडू फिरवते आहे आणि दोघंही माझ्याकडे असं बघतायत, जणू मामाच्या कमरेला मीच चावलो.

माझा दोष एवढाच की मी फिजिओथेरपिस्ट आहे. तोही इतका नवा, की अजून माझ्या पांढऱ्या कोटाच्या घड्या मोडलेल्या नाहीत. पण आमच्या घराण्यात डॉक्टर नाही. त्यामुळे कुणाला शिंक आली तरी मला फोन, आणि टीव्हीचा रिमोट चालेना झाला तरी मलाच.

मामा सामान हलवणाऱ्या कंपनीत आहे. लोकांची घरं एका जिन्याने उतरवायची आणि दुसऱ्या जिन्याने चढवायची. जोडीदार पहिल्या दिवसापासून एकच, लांब्या. मामा बुटका आणि लांब्या लांब. जिना चढताना मामा वर, उलटा चालत, आणि लांब्या खाली. त्यामुळे जिना कितीही तिरका असला तरी कपाट आडवंच राहतं. एकदा पैज म्हणून त्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला होता. पाणी सांडलं नाही. वर पोचल्यावर लांब्याने ते पिऊन टाकलं.

मग लांब्याची अक्कलदाढ काढायची वेळ आली. त्या दिवशी कंपनीने मामाला दुसरा माणूस दिला. चांगला दणकट होता, फक्त घाईचा. मामाचा हात नीट बसायच्या आत त्याने आपलं टोक उचललं. मामाच्या कमरेत उसण भरली आणि कपाट जिन्यात अडकलं. कपाट संध्याकाळपर्यंत निघालं. मामा अजून निघायचा होता.

दुखणं यथावकाश गेलं. मामा वाकायचा, बसायचा, उठायचा. पण कंपनीला लेखी हवं होतं की हा माणूस वजन उचलू शकतो. नाही तर त्याला फोनवर बसवणार होते, कायमचं.

"काचेच्या खोलीत बसायचं आणि लोकांना सांगायचं, तुमचं सामान निघालंय," मामा छताकडे बघत म्हणाला. "अरे भाचोबा, पण ते मी नेलेलं नसणार ना!"

नेमका आमच्या विभागात हाच अभ्यास चालू होता. पाठ बरी झाली तरी माणसं कामावर परत का जात नाहीत, आणि गेलीच तर पुन्हा जायबंदी होऊ नयेत म्हणून काय करावं. अभ्यास मॅडमचा. मामालाही त्यात घेतलं; कंपनीला हवा तो कागदही मॅडमच देणार होत्या. मॅडम पाठ या विषयातल्या तज्ज्ञ. स्वतः कायम पोक काढून बसतात, पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप नाही. मामा माझा नातेवाईक, म्हणून त्याच्या चाचणीत माझं काम दार उघडायचं, वाळूच्या पिशव्या आणून द्यायच्या आणि गप्प बसायचं. पहिली दोन मला जमली.

खोलीच्या मधोमध एक लाकडी पेटी ठेवली होती. आत वाळूच्या पिशव्या, दोन्ही बाजूंना कड्या.

"काका, ही पेटी उचलायची आणि त्या टेबलावर ठेवायची," मॅडम म्हणाल्या.

मामाने पेटीभोवती एक चक्कर मारली. मग गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून असा सुरेख खाली बसला की मी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि परत खाली घेतले. एका बाजूची कडी धरली आणि थांबला.

"उचला."

"हो," मामा म्हणाला.

कुणीच हललं नाही.

"दुखतंय का?"

"छे."

"भीती वाटते?"

"कशाची?"

"मग उचला ना काका."

"मी तयार आहे," मामा म्हणाला आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिला.

"अहो, दोन्ही बाजूंनी धरा!"

"ती बाजू माझी नाही, बाई."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी वाळूच्या पिशव्यांकडे बघितलं. मग त्यांनी पेटी पूर्ण रिकामी करायला लावली. मामा पुन्हा तसाच सुरेख बसला, पुन्हा एकच कडी धरली.

"आता रिकामी आहे हो!"

"रिकामी असली म्हणून काय झालं? एकट्याने उचललेली वस्तू भिंतीला घासते. आणि भिंत लोकांची असते."

"घरी बादली तरी उचलता की नाही?"

"बादलीला एकच कडी असते," मामा समजावून सांगितल्यासारखं म्हणाला.

मॅडमचा चेहरा पडला. शरीर बरं आहे पण मन उचलू देत नाही, अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. अशांच्या कागदावर काय लिहावं लागतं तेही त्यांना ठाऊक होतं. "पाच मिनिटं थांबू," असं म्हणून त्या खिडकीशी गेल्या आणि अगदी पोक काढून उभ्या राहिल्या. मामा पेटीशेजारी बसून होता. काचेच्या खोलीतला माणूस कसा दिसेल ते मला दिसलं.

मी बाहेर आलो. बाकावर मामी होती आणि तिच्या शेजारी, गुडघे हनुवटीला टेकवून, लांब्या. मामाला इथे दाखवायला आणलं की तो दर खेपेला यायचा. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जा असंही म्हटलं नव्हतं.

"काय झालं?" मामीने विचारलं.

"पेटी अडली. ती बाजू माझी नाही म्हणतो."

"झालं! म्हणजे फोन," मामी म्हणाली. "मग हा रोज घरी येऊन मला फोनवरच्या गप्पा सांगणार. जिन्यांच्या गोष्टी ऐकून माझे कान किटले होते, पण त्यात काहीतरी वर तरी जायचं."

मी लांब्याला विचारलं, "तुम्हाला आता दुसरा जोडीदार दिला असेल ना?"

"तीन दिले. परत केले."

"का?"

"एक शिट्ट्या मारायचा. एक बोलायचा फार. तिसरा चांगला होता."

"मग त्याला का परत केलं?"

"चांगला होता म्हणूनच," लांब्या म्हणाला. "सवय झाली असती."

तेवढ्यात दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांची नजर लांब्याच्या गुडघ्यांवर अडली. "हे कोण?"

"ती बाजू," मामी म्हणाली.

मॅडम बघत राहिल्या. मग हळूहळू, मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांची पाठ सरळ झाली. "तुम्ही आत या," त्या लांब्याला म्हणाल्या.

लांब्या आत गेला, वाकला आणि दुसरी कडी धरली. पुढच्या क्षणी पेटी टेबलावर होती. चार हातांत ती काडेपेटीसारखी दिसत होती. मॅडमनी पिशव्या वाढवायला सांगितल्या, मी वाढवल्या, पेटी खाली-वर होत राहिली. मामाची पाठ पुस्तकातल्या चित्रासारखी होती.

मग मॅडमनी चूक केली. कोपऱ्यातल्या व्यायामाच्या टेबलाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे उचलता येईल?"

त्यांना फक्त माहिती हवी होती. पण मामाच्या धंद्यात गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की ती वस्तू निघाली.

आधी टेबल जिन्याने वर गेलं. त्यावर मानेला पट्टा लावलेले एक आजोबा झोपले होते, ते त्यांच्या पाण्याच्या ग्लासासकट गेले. मग कपाट, सायकल, हाडांचा सापळा, मॅडमची खुर्ची. थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, कारण मॅडम स्वतःच मागे धावत होत्या. "पाठ बघ, पाठ बघ," त्या मला कुजबुजत सांगत होत्या, मोठ्याने बोललं तर पाठ उडून जाईल अशा बेताने. मामी पुढे पळून दारं उघडत होती. तेव्हा माझं तेही काम गेलं.

अख्खा विभाग वरच्या मजल्यावर पोचला. एकाही भिंतीवर ओरखडा नव्हता. आजोबा जागे झाले, ग्लासातलं पाणी प्यायले आणि पुन्हा झोपले.

मामा घामाने निथळत होता. लांब्याने त्याच्याकडे न बघता विचारलं, "कंबर?"

"आहे."

"बरं."

कित्येक महिन्यांनी दोघांनी जोडीने वजन उचललं आणि त्यांचं एवढंच बोलणं झालं. मामीने तोंड वळवून पदराने डोळे पुसले आणि वर धूळ फार आहे असं जाहीर केलं.

मॅडमनी कंपनीला लिहिलं की हा माणूस वजन उचलू शकतो, अट एकच, जोडीदार हाच हवा. कंपनीने आधी नाक मुरडलं. मग तीन परत आलेले जोडीदार आठवून गप्प बसली. आता गोष्टीतलं पहिलं वाक्य आठवायला हरकत नाही.

अभ्यासाच्या समितीने मात्र मामाची चाचणी बाद केली. नियमाप्रमाणे एक सहभागी म्हणजे एक माणूस. मॅडम म्हणाल्या, तू लिही, तुझा मामा आहे. म्हणून लिहितो.

माननीय समितीस, सदर सहभागी हा एकच असून त्यास चार हात, चार पाय व दोन स्वतंत्र सासुरवाड्या आहेत, याची कृपया नोंद व्हावी. तसेच पुढील इजा टाळण्याच्या दृष्टीने, त्याच्या कोणत्याही एका टोकाची दाढ काढावयाची असल्यास, त्या दिवशी दुसऱ्या टोकासही भरपगारी रजा मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.